अज्ञातांचा लोप

म्हैसूर शहराच्या उत्तर भागात बन्नीमंटप नावाचे स्थान आहे. ‘बन्नी’ हे शमीच्या झाडाचे कन्नड नाव. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रे शमीवर ठेवली, या महाभारतातील कथेशी विजयादशमीचे शमीपूजन जोडलेले आहे. महाराष्ट्रात त्या दिवशी आपट्याची पाने सोने म्हणून वाटतात, कर्नाटकात बन्नीची. म्हैसूरची प्रसिद्ध दसरा मिरवणूक राजवाड्यातून निघते, सुमारे पाच किलोमीटर चालून बन्नीमंटपाशी विसर्जित होते, आणि त्याच रात्री तेथील मैदानावर मशालींची कवायत होते.

अंधारात ही कवायत दुरून पाहणाऱ्यास माणसे दिसत नाहीत, ज्योती तेवढ्या दिसतात. अशा प्रेक्षकापुढे एक काल्पनिक प्रश्न ठेवता येईल. मैदानात एकूण ३०० मशालधारी उतरले आहेत. त्यांपैकी काहींच्या हाती एक मशाल आहे, उरलेल्यांच्या हाती दोन. मोजल्यावर ज्योती ४८० भरतात. एक मशाल घेतलेले किती आणि दोन घेतलेले किती?

बीजगणित न शिकलेला परंतु हिशेबात मुरलेला मनुष्य याचे उत्तर असे देईल. प्रत्येकाच्या हाती एकेकच मशाल असती, तर ज्योती ३०० दिसल्या असत्या. दिसतात ४८०. वरच्या १८० ज्योती दुसऱ्या हातातल्या असल्या पाहिजेत. म्हणून दोन मशाली घेतलेले १८० आणि एक घेतलेले १२०. हाच विचार अक्षरांच्या भाषेत मांडला, तर एक मशाल घेतलेल्यांची संख्या क्ष व दोन घेतलेल्यांची य मानून पुढील दोन समीकरणे मिळतात.

क्ष + य = ३००
क्ष + २य = ४८०

दुसऱ्यातून पहिले वजा करताच क्ष नाहीसा होतो आणि य = १८० एवढेच उरते. ज्या समीकरणांत अज्ञातांचे वर्ग, घन किंवा परस्पर गुणाकार येत नाहीत, ती रेषीय समीकरणे होत. अशी अनेक समीकरणे एकाच वेळी सत्य असतील तर त्यांना एकसामयिक म्हणतात. त्यांतील एकेका अज्ञाताला क्रमाने बाजूस सारण्याच्या या रीतीला लोपाची रीत असे नाव आहे.

या रीतीचे मर्म वजाबाकीच्या कौशल्यात नाही. समानांतून समान वजा केल्यास बाकी समान राहते, हे युक्लिडच्या काळापासून मान्य आहे. तथापि एवढ्याने काम भागत नाही. मूळची दोन विधाने टाकून देऊन वजाबाकीतून मिळालेले एकच विधान हाती ठेवले, तर माहिती हरवते: य = १८० यावरून क्ष कधीच कळणार नाही. पण पहिले समीकरण जपून ठेवले आणि दुसऱ्याच्या जागी वजाबाकीचे समीकरण लिहिले, तर काहीच हरवत नाही. कारण दोन्हींची बेरीज करून मूळचे दुसरे समीकरण केव्हाही परत मिळवता येते. लोपाच्या रीतीत प्रत्येक पायरीवर प्रश्नाचे रूप बदलते, उत्तर मात्र बदलत नाही. प्रत्येक पायरी उलट दिशेने चढता आली पाहिजे, ही या रीतीची एकमेव शिस्त होय.

महाळुंगे आणि कवठे

आजच्या कर्नाटकाच्या उत्तर भागातील मळखेड येथे नवव्या शतकात मान्यखेट ही राष्ट्रकूटांची राजधानी होती. वेरूळचे कैलास लेणे ज्या घराण्याच्या काळात कोरले गेले, तेच हे घराणे. त्यातील अमोघवर्ष नृपतुंग या राजाच्या राजवटीत, इसवी सन ८५० च्या सुमारास, महावीर नावाच्या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा संस्कृत ग्रंथ रचला. ग्रंथाच्या आरंभी अमोघवर्षाची स्तुती आहे. १९१२ मध्ये मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो प्रसिद्ध केला, तेव्हापासून त्याचे महत्त्व जगभरच्या अभ्यासकांना कळू लागले.

या ग्रंथातील एका उदाहरणाचा आशय असा: ९ महाळुंगे व ७ कवठे मिळून किंमत १०७ होते, ७ महाळुंगे व ९ कवठे मिळून १०१ होते, तर एका महाळुंगाची व एका कवठाची किंमत किती?

येथे सरळ वजाबाकीने काहीही नाहीसे होत नाही, म्हणून आधी तयारी करावी लागते. दोन्ही विधानांत कवठांची संख्या सारखी व्हावी यासाठी पहिले विधान ९ पट व दुसरे ७ पट करावे. पहिल्यावरून ८१ महाळुंगे व ६३ कवठे यांची किंमत ९६३ येते. दुसऱ्यावरून ४९ महाळुंगे व ६३ कवठे यांची किंमत ७०७ येते. वजाबाकीत कवठे लोप पावतात आणि ३२ महाळुंगांची किंमत २५६ उरते. एक महाळुंग ८ चे, आणि त्यावरून एक कवठ ५ चे.

महावीराने हे शब्दबद्ध सूत्रात सांगितले आहे. मोठ्या किंमतीला फळांच्या मोठ्या संख्येने गुणावे, लहान किंमतीला लहान संख्येने गुणावे, दोहोंतील अंतरास त्या दोन संख्यांच्या वर्गांतील अंतराने भागावे. ९ आणि ७ यांच्या वर्गांतील अंतर ८१ उणे ४९, म्हणजे ३२. वरच्या गणितातील भाजक तोच आहे. सूत्र पाठ करणाऱ्याला उत्तर लवकर मिळते, परंतु सूत्राच्या पोटात लोपाचीच क्रिया आहे.

या उदाहरणातील संख्यांची अदलाबदल पाहता आणखी सोपी वाटही दिसते. दोन्ही विधानांची बेरीज केली तर १६ महाळुंगे व १६ कवठे मिळून २०८ होतात. म्हणजे एक महाळुंग व एक कवठ मिळून १३. वजाबाकी केली तर २ महाळुंगे ही २ कवठांपेक्षा ६ ने महाग ठरतात. म्हणजे एकेका फळातील फरक ३. बेरीज १३ व अंतर ३ असलेल्या संख्या ८ आणि ५. बेरीज व अंतर यांवरून दोन राशी शोधण्याच्या या क्रियेला भारतीय गणितात ‘संक्रमण’ असे स्वतंत्र नाव होते.

अज्ञातांचे रंग

अनेक अज्ञात राशी एकाच गणितात आल्या की त्यांना वेगवेगळी नावे हवीत. भारतीय गणितज्ञांनी ही नावे रंगांवरून घेतली. पहिली अज्ञात राशी ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितकी असेल तितकी’. पुढच्या राशी कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना त्यांची आद्याक्षरे पुरत. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिणाऱ्या ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातही अनेक वर्णांची समीकरणे आहेत. ‘वर्ण’ या शब्दाचे रंग व अक्षर हे दोन्ही अर्थ येथे एकत्र आले आहेत.

भास्कराचार्यांचा ‘बीजगणित’ हा ग्रंथ शके १०७२ चा, म्हणजे ११५० च्या सुमाराचा. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे त्यात नोंदले आहे. अनेकवर्ण समीकरणांसाठी भास्कराचार्य सांगतात ती पद्धत अशी: प्रत्येक समीकरणातून एकाच वर्णाची किंमत उरलेल्या वर्णांत काढावी. या किंमतीला ‘उन्मिती’ म्हणत. एकाच वर्णाच्या दोन उन्मिती परस्परांशी समान असणारच. त्या समान मांडल्या की तो वर्ण गणितातून नाहीसा होतो.

त्यांच्या ‘बीजगणिता’त दोन मित्रांच्या धनाचे उदाहरण आहे. पहिला म्हणतो, “मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान होईन.” दुसरा म्हणतो, “तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.” पहिल्याचे धन क्ष व दुसऱ्याचे य मानल्यास पहिल्या वाक्यातून क्ष + १०० = २(य − १००), म्हणजे क्ष = २य − ३०० मिळते. दुसऱ्या वाक्यातून य + १० = ६(क्ष − १०), म्हणजे य = ६क्ष − ७० मिळते. पहिल्यातील क्ष ची किंमत दुसऱ्यात घातली की य = १२य − १८०० − ७०, म्हणून ११य = १८७० आणि य = १७०. त्यावरून क्ष = ४०. ताळा पाहावा: शंभर घेतल्यावर पहिल्याजवळ १४० व दुसऱ्याजवळ ७०, दहा दिल्यावर पहिल्याजवळ ३० व दुसऱ्याजवळ १८०. दोघांचेही म्हणणे खरे ठरते.

शलाकांचा पट

तीन किंवा अधिक अज्ञात आले की युक्तीपेक्षा मांडणीला महत्त्व येते. ही मांडणी सर्वांत आधी चिनी गणितज्ञांनी सिद्ध केली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सिद्ध झालेल्या ‘गणिताचे नऊ अध्याय’ या चिनी ग्रंथाचा आठवा अध्याय केवळ याच विषयाला वाहिलेला आहे. गणन करणारा एका पटावर बांबूच्या काड्या मांडून संख्या दाखवी. धन संख्यांसाठी तांबड्या व ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या असत. अज्ञातांना नाव देण्याची गरजच नव्हती, कारण पटावरील जागा हेच नाव.

त्या अध्यायातील पहिले उदाहरण धान्याचे आहे. उत्तम पिकाच्या ३ पेंढ्या, मध्यम पिकाच्या २ व हलक्या पिकाची १ यांतून ३९ मापे धान्य निघते. अनुक्रमे २, ३ व १ पेंढ्यांतून ३४ मापे, आणि १, २ व ३ पेंढ्यांतून २६ मापे निघतात. प्रत्येक प्रकारच्या एका पेंढीत धान्य किती? चिनी पटावर या संख्या उभ्या रांगांत मांडत. येथे त्या आडव्या मांडल्या आहेत.

३  २  १ | ३९
२  ३  १ | ३४
१  २  ३ | २६

दुसरी ओळ तिप्पट करून तीतून पहिलीची दुप्पट वजा करावी. तिसरी ओळ तिप्पट करून तीतून पहिली वजा करावी. दोन्ही ओळींतील पहिले घर रिकामे होते.

३  २  १ | ३९
०  ५  १ | २४
०  ४  ८ | ३९

आता तिसऱ्या ओळीची पाचपट करून तीतून दुसरीची चौपट वजा करावी.

३  २  १ | ३९
०  ५  १ | २४
०  ०  ३६ | ९९

पटाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात शून्यांचा त्रिकोण तयार झाला. शेवटच्या ओळीत एकच अज्ञात उरला: हलक्या पिकाच्या पेंढीत ९९ भागिले ३६, म्हणजे पावणेतीन मापे. ही किंमत घेऊन एक पायरी वर चढले की मध्यम पिकाच्या पेंढीत सव्वाचार मापे, आणि आणखी वर गेले की उत्तम पिकाच्या पेंढीत सव्वानऊ मापे मिळतात. खाली उतरताना लोप आणि वर चढताना प्रतिस्थापन, असा हा प्रवास असतो. आजचा संगणक शेकडो अज्ञातांचे गणित सोडवताना मूलतः हेच करतो.

उतरताना कधी एखादी संपूर्ण ओळ शून्यांची होते. त्याचा अर्थ त्या विधानाने नवे काहीच सांगितले नव्हते. बन्नीमंटपाच्या उदाहरणात दुसऱ्या मोजणीऐवजी कोणी एवढेच सांगितले की, “तशाच दोन तुकड्यांत ६०० माणसे होतील,” तर ते पहिल्याच विधानाची दुप्पट होय. त्यावरून उत्तर ठरत नाही आणि अनेक उत्तरे संभवतात. कधी डावीकडे सर्व शून्ये आणि उजवीकडे मात्र दहा उरतात. शून्य म्हणजे दहा नव्हे. तेव्हा विधानांत परस्परविरोध आहे, कुठे तरी मोजणी चुकली आहे. उत्तर एकच आहे, अनेक आहेत की मुळीच नाही, याचा निवाडा लोपाची रीत स्वतःच करते.

म्हैसूरपासून हिंगणघाटपर्यंत

१७९९ मध्ये बन्नीमंटपापासून जवळच असलेले श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्या युद्धात असलेला इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटन याने पुढे दक्षिण भारताच्या आरपार त्रिकोणांची साखळी टाकून भूमापन करण्याची योजना मांडली. १८०० मध्ये त्याने बंगलोरजवळ पहिली पायारेषा मोजली आणि १८०२ मध्ये मद्रास येथून त्रिकोणमितीय महासर्वेक्षणाला आरंभ केला. त्याच कामावर असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला. त्याचे थडगे तेथेच आहे.

या सर्वेक्षणाचा समीकरणांशी संबंध असा. सपाटीवरील त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश असली पाहिजे. पृथ्वीच्या गोलाईमुळे ती किंचित वाढते आणि ती वाढ गणिताने काढता येते. परंतु दुर्बिणीने मोजलेले कोन तंतोतंत जुळत नाहीत, काही विकला इकडेतिकडे होतातच. प्रत्येक कोनात थोडी दुरुस्ती करावी लागते, आणि एकाच बाजूवर दोन त्रिकोण उभे असल्यामुळे एका त्रिकोणातील दुरुस्ती शेजारच्यालाही जाणवते. या दुरुस्त्या शक्य तितक्या लहान ठेवण्यासाठी लघुतम वर्गांची पद्धत वापरतात. ती लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये आणि गाउस या जर्मन गणितज्ञाने १८०९ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यातून शेवटी जितके अज्ञात तितकी रेषीय समीकरणे उभी राहतात. पॅलास या लघुग्रहाच्या कक्षेचे गणित करताना गाउसने १८१० मध्ये अशा समीकरणांसाठी लोपाची पद्धतशीर मांडणी दिली. रीत कितीतरी जुनी असूनही तिला गाउसचे नाव मिळाले, ते या परंपरेमुळे.

अडचण श्रमाची होती. अज्ञातांची संख्या मोठी असता सामान्य रीतीने लागणारे गुणाकार त्या संख्येच्या घनाच्या सुमारे एकतृतीयांश होतात. शंभर अज्ञातांसाठी हे गुणाकार सव्वातीन लाखांच्या वर जातात. एका मिनिटास एक याप्रमाणे रोज आठ तास काम करणाऱ्या गणकाला सातशेच्या आसपास दिवस लागतील. अज्ञात दुप्पट झाले की श्रम आठपट होतात. दोनशे अज्ञातांना पंधरा वर्षेही पुरणार नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॉकर याच्या अमलाखाली भारतातील त्रिकोणांच्या जाळ्याची एकत्रित दुरुस्ती झाली, तेव्हा संपूर्ण जाळे एकदम न सोडवता त्याचे भाग पाडून गणित करावे लागले, त्याचे कारण हेच. नकाशावरच्या त्या स्वच्छ रेषांमागे गणकांच्या दालनांतील असंख्य वजाबाक्या आहेत.

ताळा जमतो, उत्तर चुकते

आज तेच काम यंत्र क्षणात करते. परंतु श्रम वाचले तरी दुसरा धोका उरतोच, आणि तो एका लहान उदाहरणाने स्पष्ट होतो.

१००क्ष + ९९य = १९९
९९क्ष + ९८य = १९७

याचे उत्तर क्ष = १, य = १. आता दुसऱ्या मोजणीत केवळ एकाची चूक होऊन १९७ ऐवजी १९८ लिहिले गेले असे समजावे. लोपाची क्रिया बिनचूक केली तरी उत्तर येते क्ष = १००, य = −९९! हे उत्तर मूळ समीकरणांत घालून ताळा पाहिला, तर पहिले तंतोतंत जमते आणि दुसऱ्यात १९७ ऐवजी १९८ येतात. ताळा जवळजवळ जमलेला, आणि उत्तर सत्यापासून कोसो दूर.

महावीराच्या फळांच्या उदाहरणात तीच परीक्षा करून पाहावी. १०१ ऐवजी चुकून १०२ धरले, तर महाळुंग ८ ऐवजी सुमारे ७.७८ चे आणि कवठ ५ ऐवजी सुमारे ५.२८ चे ठरते. चूक तेवढीच, परिणाम मात्र किरकोळ.

या भेदाचे कारण आलेखात दिसते. दोन अज्ञातांचे प्रत्येक रेषीय समीकरण म्हणजे कागदावरची एक सरळ रेषा, आणि उत्तर म्हणजे दोन रेषांचा छेदनबिंदू. फळांच्या उदाहरणातील रेषांच्या उतारांत डोळ्यांना दिसेल इतका फरक आहे. दुसऱ्या उदाहरणातील रेषा एकमेकींना चिकटून जवळजवळ समांतर धावतात. एक रेषा केसभर सरकली की छेदनबिंदू लांब पळतो. भूमापकांना हे सूत्र न सांगताही ठाऊक होते. म्हणूनच ते अरुंद, चिमटलेले त्रिकोण टाळून शक्यतो समभुज त्रिकोणाजवळ जाणारे त्रिकोण निवडीत.

यंत्राच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी, कारण यंत्र प्रत्येक संख्या ठरावीक अंकांपर्यंतच साठवते आणि पुढचे अंक सोडून देते. लाखो पायऱ्यांत या सूक्ष्म चुका साचून उत्तर निरुपयोगी होईल काय, ही शंका संगणकाच्या आरंभकाळी गणितज्ञांना होती. इंग्लंडमधील ॲलन ट्युरिंग याने १९४८ मधील निबंधात तिचे विवेचन केले. पुढील अभ्यासातून असे दिसले की भागण्यासाठी दर वेळी स्तंभातील मोठ्यात मोठी संख्या निवडली आणि त्यासाठी ओळींची अदलाबदल केली, तर रीत स्वतःहून चुका सहसा वाढू देत नाही. परंतु मूळ विधानेच जवळजवळ एकसारखी असतील, तर कोणतीही निवड त्यांना वाचवू शकत नाही.

समीकरणे सोडवणे हे काम आता यंत्रावर सोपवता येते. कोणत्या गोष्टी मोजाव्यात, एक मोजणी दुसरीपासून खरोखर वेगळे असे काही सांगते काय, आणि आकडा थोडा चुकला असता उत्तर किती हलते, हे तपासणे मात्र गणित मांडणाऱ्याकडेच राहते. नदीचा पूर, पुलावरचा भार किंवा बाजारातील मागणी यांचे अंदाज अशाच समीकरणांतून निघतात, आणि त्यांवर माणसे घरे बांधतात, पूल ओलांडतात. उत्तर हाती आल्यावर मूळ संख्यांत थोडा बदल करून तेच गणित पुन्हा एकदा करून पाहणे, ही सवय म्हणूनच ताळा पाहण्याइतकीच आवश्यक आहे.